आयफेलच्या डोंगरात गाड्यांशिवाय सायकल: जुन्या लोहमार्गांवरचा एक आठवडा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी जर्मनीत आखेनला शिकते. आईवडील दोघंही पन्नाशी ओलांडलेले, घरी रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल चालवणारे, पण सामान लादून डोंगरात कधीच न गेलेले. सप्टेंबरात तिघांना सहा-सात दिवस आयफेलमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीतल्या डोंगराळ भागात, फिरायचं आहे. अटी दोन. गाड्यांच्या रस्त्यावर जायचं नाही, आणि आईच्या गुडघ्यांना सोसेल तेवढाच चढ हवा. डोंगर म्हटल्यावर या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात का, आणि मिळत असतील तर नेमकं कुठून जायचं?

मिळतात. आखेनच्या पूर्व भागातून निघून बेल्जियममधून लक्झेंबर्गपर्यंत जाणारी फेनबान, आणि पुढं डाउन ते बर्नकास्टेल-कूस हा मारे-मोझेल मार्ग, एवढ्या दोन नावांत तुमचा आठवडा बसतो. दोन्ही जुने लोहमार्ग आहेत. रूळ काढून त्यांच्या जागी सायकलवाट केलेली आहे. दिवसांची आखणी पुढं देतोच, पण हे दोनच मार्ग का निवडले ते आधी सांगतो. ते एकदा कळलं की नकाशावरची कुठलीही वाट पाहून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मी या भागात पंधराएक वर्षं सामानासह सायकल चालवतोय. डोंगरातली वाट पाहिली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, ही मुळात कुणासाठी बांधली? आयफेल काही उंच नाही. सगळ्यात उंच होहे आख्ट हे शिखरही साडेसातशे मीटरच्या आतच आहे. आकडा बघून माणूस निर्धास्त होतो आणि तिथंच फसतो. हा सगळा भाग म्हणजे नद्यांनी खोल चिरलेलं पठार आहे. दीडशे मीटर चढायचं, तेवढंच उतरायचं, नदी ओलांडायची, परत चढायचं. दिवसात असं चारदा झालं की मोठा घाट चढल्याइतकी दमणूक होते, आणि मोठ्या घाटमाथ्यावर पोचल्याचं समाधान मात्र कुठंच मिळत नाही.

गाड्या नसलेल्या वाटा इथं चार प्रकारच्या आहेत. पहिली शेताची. यांना जर्मनीत विर्टशाफ्ट्सवेग म्हणतात. ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद, बऱ्याचदा डांबरी, सुंदर आणि निर्मनुष्य. पण ती ट्रॅक्टरसाठी केलेली आहे आणि ट्रॅक्टरला चढाचं भय नसतं. शेताच्या बांधाला धरून ती सरळ टेकडीवर जाते. दहा-बारा टक्के चढ असला तरी कुणाची तक्रार नसते. दुसरी जंगलखात्याची. वळणं सौम्य असतात, पण पृष्ठभाग खडीचा, आणि लाकूडतोड चालू असली की चिखलाचा. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत सालकिड्यांनी इथले स्प्रूसचे मोठमोठे पट्टे मारले. तेव्हापासून लाकूड ओढणाऱ्या अवजड यंत्रांनी कितीतरी वाटांची दुर्दशा केली आहे. तिसरी नदीकाठची. ही सगळ्यांना सपाट वाटते. नदी सपाट असते, वाट असेलच असं नाही. अरुंद दरीत तळाची चांगली जागा मोटाररस्त्यानं आधीच घेतलेली असते, म्हणून सायकलवाट कडेच्या उतारावर ढकललेली असते. ती दर अर्ध्या किलोमीटरला वीस मीटर वर जाते आणि वीस मीटर खाली येते.

चौथी वाट आगगाडीची. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून वाफेच्या इंजिनाला मालगाडी ओढत नेता येईल असा चढ जेमतेम दोन-अडीच टक्के. त्याहून जास्त चढ इंजिनिअरला परवडतच नव्हता. मग त्यानं डोंगर कापला, दरीवर पूल बांधला, खिंड नसेल तिथं बोगदा खोदला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोळशाच्या गाडीसाठी केलेली ती मेहनत आज तुमच्या आईच्या गुडघ्यांच्या कामी येणार आहे.

याचा हिशेब एकदा मांडून बघा. माणूस, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरू. रोज सायकल चालवणारी पन्नाशीची व्यक्ती दिवसभर टिकवू शकेल अशी ताकद १०० वॉट धरू. सपाट डांबरावर एवढ्यात ताशी १९-२० किलोमीटरचा वेग मिळतो. एक टक्का चढावर साधारण १५, दोन टक्क्यांवर ११. आणि आठ टक्क्यांवर? पावणेचार. म्हणजे चालण्याहूनही कमी. त्या वेगात सायकलचा तोल राहत नाही, हँडल डुलायला लागतं. तोल सावरायला आपण जोर वाढवतो आणि १०० ऐवजी १८० वॉट खर्च करतो. गुडघा तिथं दुखतो. चारशे मीटर उंची गाठायला लागणारं काम दोन्हीकडे सारखंच असतं. लोहमार्गावर ते चार तासांत वाटलं जातं, शेतवाटेवर पाऊण तासात उरकावं लागतं.

लोहमार्गाचा चढ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. फेनबानवर पहिल्यांदा गेलो तेव्हा रोटगेनच्या अलीकडे मला वाटलं, सायकलचा ब्रेक घासतोय. वाट समोर तळहातासारखी सपाट, वारा नाही, तरी वेग चौदाच्या वर जाईना. उतरून मागचं चाक उचलून फिरवलं, ते मोकळं फिरत होतं. मग कडेच्या चराकडे लक्ष गेलं. आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी त्यातून वाहत होतं आणि ते माझ्याच दिशेनं येत होतं. बर्चचं एक पिवळं पान तरंगत आलं, माझ्या बुटाजवळून गेलं आणि ज्या बाजूनं मी आलो होतो त्या बाजूला निघून गेलं. म्हणजे मी तासभर चढत होतो. तुम्हालाही असंच होणार. वेग कमी दिसला म्हणून जोर लावायचा नाही, एक गिअर हलका करून पाय फिरवत राहायचं.

आता फेनबानविषयी. आखेन ते लक्झेंबर्गमधलं ट्रवाव्हिएर्ज, एकूण सुमारे १२५ किलोमीटर. हा लोहमार्ग प्रशियानं १८८० च्या दशकात बांधला. आखेनकडचा कोळसा आणि कोक लक्झेंबर्गच्या लोखंड भट्ट्यांकडे न्यायचा, आणि तिकडून लोहखनिज आणायचं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं ऑयपेन आणि माल्मेडीचा प्रदेश बेल्जियमकडे गेला, आणि पाठोपाठ या लोहमार्गाची पट्टीसुद्धा, जिथं ती जर्मन भूमीतून जात होती तिथंही. त्यामुळं जर्मनीचे काही तुकडे पट्टीच्या पलीकडे अडकले. आजही असे पाच तुकडे आहेत. त्यातला र्‍युकश्लाग म्हणजे जेमतेम एक घर आणि त्याच्याभोवतीची जागा. रूळ गेले, गाड्या गेल्या, पट्टी मात्र अजून बेल्जियमचीच आहे. म्हणजे काही ठिकाणी तुमच्या डावीकडेही जर्मनी असते, उजवीकडेही जर्मनी असते आणि चाकाखाली बेल्जियम. सायकलमार्ग म्हणून ही सलग वाट २०१३ मध्ये अधिकृतपणे खुली झाली.

वाट जवळजवळ सगळी डांबरी आणि चांगली रुंद आहे. आखेनमध्ये रोटं एर्डं स्थानकाच्या परिसरातून ती सुरू होते. तुमची मुलगी शहरातच राहते, तेव्हा तिथवर पोचणं अवघड नाही. शहराच्या आत मात्र वर्दळ आहे, म्हणून रविवारी सकाळी लवकर निघा. कॉर्नेलिम्युन्स्टर, वालहाइम, रेरेन, रोटगेन, लामर्सडॉर्फ, कोन्झेन असं करत वाट होहेस फेन नावाच्या पाणथळ पठाराच्या कडेनं चढत जाते. आखेनच्या पावणेदोनशे मीटरपासून सुर्ब्रोटजवळच्या साडेपाचशेपर्यंतची चढाई पन्नासेक किलोमीटरवर पसरलेली आहे. सरासरी काढली तर एक टक्कासुद्धा होत नाही.

पहिला दिवस मोनशाउपर्यंत, चाळीसच्या आसपास किलोमीटर. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मोनशाउचं जुनं गाव, ती काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरं, रुर नदीच्या दरीत तळाशी आहेत आणि फेनबान वरच्या अंगाला आहे. दोन्हींत शंभर मीटरहून जास्त फरक. गाव बघण्यासारखं आहेच. पण सामानासह सायकल घेऊन उतरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्नायूंनी तोच चढ ढकलत चढायचा आहे. मी एकदा केवळ दुपारच्या जेवणासाठी उतरलो आणि परत वर येईपर्यंत जेवण जिरलं. मुक्काम वरच, कोन्झेन, म्युत्सेनिश किंवा काल्टरहेरबेर्ग या गावांकडे करा. सामान खोलीत टाका आणि संध्याकाळी गाव पाहायला बसनं किंवा पायी जा.

दुसरा दिवस सगळ्यात छान. काल्टरहेरबेर्गच्या पुढं काही अंतर जुने रूळ अजून तसेच आहेत आणि त्यांवर लोक पायडलची रेल्वेगाडी चालवतात. सायकलवाट शेजारून जाते. सुर्ब्रोटनंतर चढ संपतो. वाटेवरच्या पाट्या फ्रेंच होतात, कारण वैम आणि माल्मेडी हा बेल्जियमचा फ्रेंच भाषक भाग. सांक्ट फीटकडे पोचेपर्यंत परत जर्मन ऐकू यायला लागतं. दिवसभरात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, बराचसा उतार. सांक्ट फीटला मुक्काम करा. गाव नवं दिसतं त्याला कारण आहे. डिसेंबर १९४४ च्या आर्देनच्या लढाईत, नाताळच्या बॉम्बफेकीत, ते जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं. जुन्या तटबंदीचा एक बुरूज तेवढा उभा राहिला.

तिसरा दिवस सांक्ट फीट ते ट्रवाव्हिएर्ज. बुर्ग-रॉयलांडच्या बाजूची ऊर नदीची दरी एकदम शांत आहे. पण शेवटच्या टप्प्यात एक अडचण आहे, आणि ती आधी माहीत असलेली बरी. लक्झेंबर्गच्या सीमेवरचा जुना बोगदा वटवाघळांसाठी राखून ठेवलेला आहे. तो सायकलींना खुला नाही. त्यामुळं डोंगरावरून वळसा घालून जावं लागतं. अख्ख्या फेनबानवरचा हा एकमेव खरा चढ, तोही शेवटी, पाय थकलेले असताना. थोडं अंतर गाड्यांच्या रस्त्यानं आहे, वर्दळ किरकोळ. आईंना सांगा की इथं उतरून ढकलत जायचं आहे. आधी सांगितलेलं असलं की माणूस निवांत ढकलतो.

ट्रवाव्हिएर्जला रेल्वे स्थानक आहे, आणि लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशांतर्गत सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना मोफत आहे. सायकललाही गाडीत पैसे पडत नाहीत. थेट लक्झेंबर्ग शहरापर्यंत जा, तिथून ट्रियरची गाडी. सीमा वासरबिलिशला आहे, त्यापुढचं तिकीट मात्र काढावं लागेल. एक खबरदारी: या मार्गावर कामासाठी गाड्या बंद ठेवून बदली बस सोडण्याचे प्रकार होतात आणि बदली बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा बघा. चौथा दिवस ट्रियरला विश्रांतीचा ठेवा. रोमन काळातला काळा दरवाजा पोर्टा निग्रा बघायचा, आईंच्या पायांनाही आराम.

पाचव्या-सहाव्या दिवशी मोझेल नदीच्या काठानं बर्नकास्टेल-कूसपर्यंत या. साठ-पासष्ट किलोमीटर होतील, दोन दिवसांत सहज. मोझेलची दरी रुंद आहे, म्हणून मघाशी नदीकाठच्या वाटेची केलेली तक्रार इथं फारशी लागू होत नाही. पण बऱ्याच ठिकाणी वाट मोटाररस्त्याला लागून, कडेनं जाते. वाट वेगळी आहे, आवाज मात्र कानावर येतो. गाड्या नकोत ही तुमची अट इथं पाऊण पाळली जाते, पूर्ण नाही. नदीच्या दोन्ही काठांना वाटा आहेत तिथं मोठा रस्ता पलीकडे राहील असा काठ निवडा.

आणि मग सातवा दिवस, मारे-मोझेल. हा मार्ग चढायचा नाही, उतरायचा. बर्नकास्टेल-कूसहून डाउनला सायकलींचा ट्रेलर लावलेली बस जाते, तिचं नाव रेजिओराडलर. ती हंगामात, साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालते. सायकलींची जागा आधी राखून ठेवा. सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी आयत्या वेळी तीन सायकलींना जागा मिळेल याच्या भरवशावर राहू नका. डाउन ते बर्नकास्टेल सुमारे ५८ किलोमीटर, आणि उतार एकूण तीनशे मीटरच्या आसपास. डाउन सोडल्यावर थोड्याच वेळात ग्रोसेस श्लिट्सओर नावाचा बोगदा लागतो, ५६० मीटरचा. आत दिवे आहेत. बाहेर ऊन असलं तरी तोंडाशीच थंड हवेचा झोत अंगावर येतो, घामानं ओला शर्ट पाठीला चिकटतो आणि हुडहुडी भरते. बोगद्याआधी थांबून जाकीट चढवायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या. चष्मा धुकतो, तेव्हा पहिले पन्नास मीटर हळू. पलीकडे मार म्हणतात ती ज्वालामुखीच्या स्फोटांनी झालेली गोल तळी. वाटेवरून थोडी वाकडी वाट करून गिलेनफेल्डजवळचा पुल्व्हरमार नक्की बघा. पाणी सत्तर मीटरहून खोल आहे आणि काठाची झाडी इतकी नेमकी गोल की कंपासनं आखल्यासारखी. पुढं विटलिशपर्यंत बोगदे आणि उंच दगडी पूल एकामागून एक येतात.

परतीला विटलिशचं मुख्य स्थानक वाटेपासून जवळ आहे. म्हणजे शेवटच्या दिवशी बर्नकास्टेलपर्यंत जायचा आग्रह नसेल तर विटलिशलाच थांबून कोब्लेन्झ, कोलोन, आखेन अशा रिजनल गाड्या पकडता येतात. मुलीकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या रिजनल गाड्यांचा मासिक पास, असेल तरी सायकल त्यात येत नाही, सायकलचं तिकीट वेगळं. सायकलीचं चिन्ह असलेल्या डब्यातच चढायचं, आणि तिथं व्हीलचेअर किंवा बाबागाडी आली तर जागा त्यांची. संध्याकाळी चार ते सहा कोलोनच्या आसपास तीन सायकली घेऊन चढायला जाऊ नका.

तुम्ही विचारलं होतं की ॲपनं दाखवलेल्या चढउतारांवर विश्वास ठेवायचा का. जुन्या लोहमार्गांवर ठेवू नका. ॲप उंची घेतं ती जमिनीच्या पृष्ठभागाची. वाट बोगद्यातून जात असली तरी ते बोगद्यावरचा डोंगर मोजतं, पुलावरून जात असली तरी खालची दरी मोजतं. त्यामुळं मारे-मोझेलच्या आलेखावर जिथं सुळके दिसतील तिथं प्रत्यक्षात बोगदे आहेत, आणि जिथं खड्डे दिसतील तिथं पूल. एकूण चढाईचा आकडाही त्यामुळं फुगतो. उलट शेतवाटांच्या बाबतीत ॲप छोटे तीव्र चढ गुळगुळीत करून टाकतं.

नकाशावर जुना लोहमार्ग ओळखायची खूण सांगतो. त्याला काटकोन नसतात. लांब, सावकाश वळणं घेत ती रेघ समोच्च रेषांच्या जवळजवळ समांतर चालते, आणि एखादी उपदरी आली की आत शिरून परत बाहेर येते. दुसरी खूण मला जास्त आवडते. ज्या गावात आज स्थानकच नाही त्या गावात बानहोफश्ट्रास, म्हणजे स्टेशन रस्ता, असेल तर त्या रस्त्याच्या टोकाला जाऊन बघा. बहुतेक वेळा तिथं फलाटाची कड सापडते आणि तिथून दोन्हीकडे जाणारी सपाट वाट.

पाट्यांबद्दल थोडं. पांढऱ्या गोलाला लाल कडा, आत मोटार आणि मोटरसायकल, म्हणजे मोटारवाहनांना बंदी. सायकल बिनधास्त न्या. तोच गोल आतून रिकामा असेल तर सगळ्याच वाहनांना बंदी, त्यात सायकलही आली. मात्र खाली ‘राडफारर फ्राय’ असं किंवा सायकलचं चित्र आणि ‘फ्राय’ असं लिहिलेलं असेल तर सायकलला मुभा. ‘लांडविर्टशाफ्टलिशर फेरकेर फ्राय’ म्हणजे शेतीच्या वाहनांना मुभा. गाड्यांशिवायच्या वाटेवर ट्रॅक्टर समोर येऊ शकतो, आणि कापणीच्या दिवसांत तो घाईत असतो. कडेला थांबून जाऊ द्या. जुना लोहमार्ग मोटाररस्त्याला छेदतो तिथं बहुतेक वेळा थांबायचं तुम्हालाच असतं. अपघाताची भीती या वाटांवर मला फक्त याच जागी वाटते, कारण दहा किलोमीटर कुणीच न दिसल्यामुळं डोकं बेसावध झालेलं असतं. मुलीला पुढं ठेवा आणि प्रत्येक छेदावर तिघांनी एकत्र ओलांडायचं ठरवून टाका.

सायकल भाड्यानं घेणार असाल तर टायर ४० मिलिमीटर किंवा रुंद मागा, आणि सगळ्यात हलका गिअर बघून घ्या. पुढं २६ दाते आणि मागं ३४ असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.६ मीटर पुढं जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पावणेसहा किलोमीटर. त्याहून जड गिअरची सायकल आईंसाठी घेऊ नका. बॅटरीच्या सायकलीबद्दल माझं मत असं आहे: या दोन मार्गांसाठी तिची गरज नाही, आणि स्थानकाच्या जिन्यांवर पंचवीस किलोची सायकल उचलणं हीच मोठी शिक्षा होते. गुडघ्याचं दुखणं जुनं असेल तर मात्र संकोच न करता घ्या. ताशी २५ किलोमीटरपर्यंतच साथ देणाऱ्या सायकलीला जर्मनीत साधी सायकलच मानतात, परवाना लागत नाही. सामान माणशी दहा-बारा किलोच्या आत, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटून. पाठीवर काहीही नको.

होहेस फेन पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांना लागणारी पहिली उंच जागा आहे. सप्टेंबरात सकाळी धुकं आणि एक आकडी तापमान नेहमीचं. पावसाचं जाकीट आणि पातळ हातमोजे सामानाच्या अगदी वर ठेवा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. गावातली बेकरी सकाळी काही तास उघडी असली तर असते, म्हणून शनिवारी संध्याकाळी खायचं घेऊन ठेवायचं. पाणी संपलं तर गावाच्या दफनभूमीत झाडांना पाणी घालायचा नळ असतो. सायकलवाले पिढ्यान्‌पिढ्या तिथं बाटल्या भरत आले आहेत. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नका. पासपोर्ट जवळ ठेवा. तीन देशांच्या सीमा दिवसातून कितीदा ओलांडाल ते लक्षातही येणार नाही, पण तपासणी होऊ शकते. मदतीसाठी तिन्ही देशांत ११२.

आर नदीच्या मार्गाबद्दल मुलीनं कुठंतरी वाचलंय असं तुम्ही लिहिलंत. मार्ग सुंदर होता. जुलै २०२१ च्या महापुरानं ती दरी उद्ध्वस्त केली, वाट आणि पूल दोन्ही गेले, आणि सगळं पुन्हा उभं करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे. पहिल्याच सहलीला तिकडं जाऊ नका. त्याऐवजी पुढच्या वर्षीसाठी तीन नावं लिहून ठेवा. फोगेल्सबेर्गमधला वुल्कानराडवेग, हार्टमान्सहाइनच्या माथ्यावरून दोन्हीकडे उतरणारा. र्‍ह्योन डोंगरातला मिल्झेबुर्गचा छोटा मार्ग, ११७२ मीटरच्या बोगद्यातून जाणारा. आणि झाउअरलांडमधला ८४ किलोमीटरचा गोल मार्ग, ज्यावर फ्लेडरमाउस म्हणजे वटवाघळाच्याच नावाचा ६८९ मीटरचा बोगदा आहे. हे दोन्ही बोगदे हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बंद असतात. बंद असताना डोंगरावरून जावं लागतं आणि तिथली वाट लोहमार्गाची नाही, शेताची आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, फेनबान उलट दिशेनं, लक्झेंबर्गकडून आखेनला केली तर? पन्नास किलोमीटरचा उतार शेवटी मिळतो हे खरं, आणि बरेच जण तसं करतात. पण तुमच्या बाबतीत बोगद्याचा तो वळसा पहिल्याच सकाळी येईल, सामान बांधण्याची सवय नसताना, अनोळखी सायकलवर. आखेनहून निघालात तर पहिले तीस किलोमीटर शरीराला आणि सायकलला ओळख करून घ्यायला मिळतात. आणि खोगीर दोन सेंटिमीटर वर हवं होतं किंवा मागची पिशवी टाचेला लागते आहे असं कॉर्नेलिम्युन्स्टरला कळलं, तर मुलीचं घर मागं फक्त नऊ-दहा किलोमीटरवर आहे.